राणीचा विसावा

घराची कुठलीही भिंत गुण्यात नसते. हे मी इतकी वर्षं सांगत आलेय आणि इतकी वर्षं लोक माझ्याशी भांडत आलेत. गुण्या म्हणजे गवंड्याचा काटकोन. अबुधाबीच्या उंच टॉवरमधला नवाकोरा, समुद्र दिसणारा फ्लॅट असो, नाहीतर उम्म अल कुवैनमधलं जुनं बैठं घर असो. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गुण्या लावला की एका बाजूला बोटभर फट दिसतेच. घरमालक म्हणतो, मॅडम, तुमचं हत्यार वाकडं आहे. मी म्हणते, असू दे वाकडं, पण उद्या दगड बसेल तेव्हा फट दिसणार नाही, एवढं बघा.

आमचा दगडाचा कारखाना उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात आहे. जिन्याच्या पायऱ्या, बेसिनं, उंबरे आणि मुख्य म्हणजे स्वयंपाकघरातले ओटे. माझ्या सातारा भागात ओट्याला कट्टा म्हणतात, त्यामुळे मी जन्मभर कट्टेच केले असं म्हणायला हरकत नाही. या अंकाच्या संपादकांना वाटलं की या धंद्यात लिहिण्यासारखं पुष्कळ असणार. दगडात तसं काही नसतं. तो ज्या घरात जातो तिथे असतं.

बाहेरच्यांना वाटतं दगडाच्या कामाला ताकद लागते. ताकद मशीनला. माणसाला लागतो धीर. आधी आम्ही घरी जाऊन पातळ प्लायवूडचा साचा करतो, भिंतीच्या वाकडेपणासकट. तो साचा कारखान्यात दगडावर ठेवून दगड कापायचा, सिंकसाठी मध्ये भोक पाडायचं, कडा घासून गुळगुळीत करायच्या आणि गाडीत दगड उभा करून न्यायचा. आडवा नेला तर तो स्वतःच्याच वजनाने मधोमध तडकतो. प्रत्येक नवा ड्रायव्हर मला सांगतो, भाभी, लिटा के ले जाते हैं, आराम से जाएगा. आडवं पडून माणसाला आराम मिळतो, दगडाला नाही, हे त्याला एकदा तडकलेला दगड दाखवूनच पटवावं लागतं.

कारखाना सुरू केला विनायकने, म्हणजे माझ्या नवऱ्याने. मापं घ्यायलाही आधी तोच जायचा. पण दुपारी घरात बाई एकटी असली की परका पुरुष आत घ्यायला कचरायची. म्हणून एक दिवस त्याने मोजपट्टी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, आता तू जा. मी बी.कॉम. झालेली, हिशेब लिहायला बसलेली बाई. गेले ते गेलेच. किती स्वयंपाकघरं पाहिली त्याची गणती नाही. एका अरब आजींनी नवा कट्टा बसल्याबरोबर त्यावर गाल टेकवून तो गार आहे का ते पाहिलं, आणि ‘खलास’, म्हणजे झालं, छान झालं, असं म्हणून आम्हा सगळ्यांना खजूर आणि कहवा दिला. त्याहून मोठं सर्टिफिकेट मला मिळालेलं नाही. अबुधाबीच्या एका मराठी जोडप्यात बायकोला काळा ग्रॅनाइट हवा होता आणि नवऱ्याला पांढरा. दोघं माझ्यासमोर लग्नापासूनची उणीदुणी काढत असताना त्यांचा मुलगा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, ‘जस्ट पिक वन, प्लीज.’ शेवटी करडा बसवला. दोघंही नाराज, म्हणजे न्याय झाला.

आमची एक पद्धत होती. सिंकसाठी कापलेला मधला तुकडा बाकीचे कारखाने फेकून देतात. आम्ही तो गोल करून, घासून, त्याचा पोळपाट करायचो आणि गिऱ्हाइकाला भेट द्यायचो. कल्पना माझी, घासायचं काम हरिरामचं. हरिराम आमचा जुना कारागीर, मूळचा राजस्थानचा. नक्षीकाम शिकून आलेला माणूस, पण इथे त्याच्या वाट्याला आले ते सिंक आणि पायऱ्या. तो पोळपाटाच्या पाठीमागे छोटंसं फूल कोरायचा. कुणी बघणार नाही रे, असं मी म्हटलं की म्हणायचा, भाभी, हाथ भूल जाएगा ना.

असाच एक पोळपाट अबुधाबीच्या अल रीम आयलंडवरच्या मार्गरेटबाईंकडे गेला होता. इंग्रज बाई, शाळेत शिकवायच्या. नवरा पीटर इंजिनिअर. दोघांनी जवळजवळ सगळी नोकरी या देशात काढली होती. पोळपाट कशासाठी असतो हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी मला लगेच पीठ मळायला बसवलं. त्यांची पहिली पोळी ऑस्ट्रेलियाच्या नकाशासारखी झाली. पुढे त्या पोळपाटावर त्या पाव आणि बिस्किटं लाटायच्या. मी रीमला कुठेही मापाला गेले की चहा त्यांच्याकडे, हे ठरून गेलं. त्यांचे गुडघे दुखायचे. माझेही दुखतात. दोन बायकांना मैत्रीला एवढं पुरतं.

मग मध्ये बराच काळ गेला. विनायक गेला. त्याबद्दल पुढे लिहीन. कारखाना सांभाळायचा, मुलीचं शिक्षण बघायचं, यात रीमला जाणं सुटलं. आणि एके दिवशी पीटरचा ई-मेल आला. दोनच ओळी. त्यात लिहिलं होतं की मार्गरेटच्या ‘रेस्टिंग प्लेस’साठी दगडाचं काम करायचं आहे, तुम्हीच या.

मला वाटलं, गुडघ्यांचं दुखणं वाढलं असणार. बाईंना गॅलरीत नाहीतर खाली बागेत टेकायला बाक हवा असेल. रेस्टिंग प्लेस म्हणजे विश्रांतीची जागा, याहून वेगळं काय असणार? मी उत्साहाने दगडी बाकांची चित्रं काढली. एक पाठीचा, एक बिनपाठीचा. सोबत गुडघ्याला लावायचं आयुर्वेदिक तेलही घेतलं.

दार पीटरने उघडलं. खूप वाळला होता. मी चित्रं टेबलावर पसरली, मोजपट्टी काढली आणि म्हणाले, मार्गरेटबाईंना जरा बोलवा, बाकाची उंची त्यांच्या गुडघ्याच्या मापाने घेऊ, म्हणजे उठताना त्रास होणार नाही.

तो हळूच म्हणाला, ‘मॅडम, मार्गरेट इज गॉन. सिन्स जॅन्युअरी.’

घरी आल्यावर माझी मुलगी सई डोक्याला हात लावून म्हणाली, ‘आई, रेस्टिंग प्लेस मीन्स ग्रेव्ह! एव्हरीवन नोज दॅट.’ असेल. मला ठाऊक नव्हतं. त्या क्षणी मात्र मी हातात मोजपट्टी घेऊन उभी होते आणि जमीन पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं. पीटरनेच मला सावरलं. चहा केला. तेलाची बाटली उघडून वास घेतला आणि म्हणाला, हे तिला आवडलं असतं. मग मी रडले. खोटं कशाला सांगू, चांगली हुंदके देऊन रडले. तोही रडला.

नंतर त्याने सगळं सांगितलं. मार्गरेट सकाळी घरातच गेली, झोपेत. पोलीस आले, कागद झाले, मग तिला मागच्या मोठ्या लिफ्टने खाली आणलं. पण ॲम्ब्युलन्स चुकून पुढच्या गेटला जाऊन उभी राहिली होती. ती वळसा घालून येईपर्यंत इमारतीच्या मागच्या अंगणात, एका गाफच्या, म्हणजे आपल्या शमीच्या, झाडाखाली स्ट्रेचर ठेवलं. पीटर तिच्याजवळ फरशीवर बसला. थंडीचे दिवस, कोवळं ऊन होतं. पुढे हॉस्पिटल, विमानतळ, विमान, मग इंग्लंडमधल्या तिच्या गावी दफन. सगळीकडे कुणी ना कुणी घाई करत होतं. ती आणि तो असे दोघंच शेवटचे बसले ते त्या झाडाखाली.

आता त्याची मुलगी त्याला इंग्लंडला घेऊन जाणार होती, कायमची. फ्लॅट सोडायचा होता. जाण्याआधी त्याला त्या झाडाखाली एक क्रूस उभा करायचा होता.

त्याने मला फोटो दाखवला. तिच्या गावच्या चौकातला एक उंच, निमुळता, कोरीव दगडी खांब. सातशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या एका राजाची राणी प्रवासात वारली. तिचा देह राजधानीला नेताना वाटेत जिथे जिथे रात्रीचा मुक्काम पडला, तिथे तिथे राजाने तिच्या आठवणीसाठी असा क्रूस उभारला. डझनभर होते, आता तीनच उरलेत. त्यातला एक मार्गरेटच्या गावात. पीटर शेजारच्या गावचा. दोघांची ओळख तिथलीच.

‘द किंग डिड इट फॉर एव्हरी स्टॉप,’ पीटर म्हणाला. ‘आय वॉन्ट ओन्ली वन.’

त्याला प्रत्येक थांब्यावर नको होता, एकाच ठिकाणी हवा होता. मी फोटो बघत राहिले, आणि मला एकदम आमच्या गावची वाट दिसली.

आमच्याकडे अंत्ययात्रा निघाली की अर्ध्या वाटेवर तिरडी खाली टेकवतात. घटकाभर थांबतात. खांदेकरी जागा बदलतात, पुढचे मागे आणि मागचे पुढे, आणि मग पुन्हा उचलतात. त्या जागेला विसावा म्हणतात. गेलेल्या माणसाला शेवटची विश्रांती, आणि त्याला वाहणाऱ्यांनाही. आमच्या गावात ओढ्याच्या अलीकडे विसाव्याचा दगडी कट्टा आहे. एरवी त्याच कट्ट्यावर गवताचा भारा टेकवून बायका दम खातात, शाळेतून येणारी पोरं बोरं खात बसतात. कुणाला भीती वाटत नाही.

विनायकला तो विसावा मिळाला नाही. तो इथे कारखान्यातच कोसळला. इथून पेटीतून विमानाने मुंबई, तिथून ॲम्ब्युलन्सने गाव. पोचायला संध्याकाळ झाली, पेटी जड, पावसाची लक्षणं, म्हणून गाडी थेट घाटावर नेली. आमच्याकडे बायका घाटावर जात नाहीत, त्यामुळे विसावा राहून गेला हे मला नंतर दिरांनी सांगितलं. तेराव्यानंतर सासूबाईंनी मला जवळ बसवून विचारलं होतं, ‘विसावा कुठं दिला गं त्याला?’ एवढ्या लांबून आला पोर, आणि कुणी टेकवला नाही, हे त्यांच्या मनातलं मला ऐकू येत होतं. ते माझ्या उरावर राहिलं होतं.

मी पीटरला विसावा समजावून सांगितला, आणि विनायकला तो मिळाला नाही हेही सांगितलं. माझं इंग्रजी कट्ट्याच्या मापापुरतं, पण त्याला कळलं. त्याने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. ‘विसावा.’ त्यात ‘ळ’ आणि ‘ण’ नाहीत, त्यामुळे इंग्रजाच्या तोंडात तो नीट बसला.

आता प्रश्न परवानगीचा. बिल्डिंग मॅनेजर साजी केरळचा, सज्जन माणूस. पण क्रूस म्हटल्याबरोबर त्याने हात जोडले. ‘मॅडम, क्रॉस नहीं चलेगा. कॉमन एरिया में धरम का कुछ नहीं. मेमोरियल भी नहीं चलेगा. नाम का पत्थर भी नहीं. यहाँ कोई मरा था, ये पढ़के नया टेनंट आएगा क्या?’ त्याचं चूक नव्हतं. पीटरने वरच्या ऑफिसला विनंती केली. तिथूनही नम्र नकार आला. पीटर म्हणाला, छोटा करू, कमरेइतका. साजी म्हणाला, छोटा क्रॉस भी क्रॉस ही है, सर.

त्यानंतर पीटर फोन घेईना. त्याच्या मुलीने तिकिटं काढली होती. मी न विचारता रीमला गेले. तो खोक्यांमध्ये बसला होता, पुस्तकं नुसतीच इकडची तिकडे करत. म्हणाला, राजाला परवानगी मागावी लागली नव्हती.

मी आतापर्यंत पुष्कळ गिऱ्हाइकांची समजूत घातली आहे, पण ती रंगावरून. इथे काय बोलावं कळेना, म्हणून मी नुसतं विचारलं, तुम्ही लहानपणी त्या क्रूसापाशी काय करायचात?

‘करायचो काय? बसायचो. पायऱ्यांवर.’ त्या खांबाच्या पायाशी चारी बाजूंनी दगडी पायऱ्या आहेत. सगळं गाव तिथे टेकतं. मार्गरेटशी तो पहिल्यांदा बोलला तेही तिथेच. खांबावरचे राणीचे पुतळे उंचावर आहेत, वर कोण बघतंय? आणि माथ्यावरचा क्रूस तर केव्हाच पडून गेलाय, कुणाच्या पणजोबानेही पाहिलेला नाही. तरी सगळे त्याला क्रॉसच म्हणतात.

हे बोलता बोलता तो थांबला. माझी बाकाची चित्रं अजून त्याच्या टेबलावर होती, फुलदाणीखाली. त्याने ती हळूच ओढून घेतली आणि बिनपाठीच्या बाकावर बोट ठेवलं.

साजीला बाकाचं विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘बेंच? बेंच तो मैं कबसे माँग रहा हूँ, मॅडम.’ मागच्या अंगणात डिलिव्हरीवाले, सफाईवाले, मुलांना फिरवणाऱ्या आया, सगळे फरशीच्या कडेला उकिडवे बसायचे. वरच्या ऑफिसने लगेच होकार दिला. नाव मात्र नको, हे पुन्हा बजावलं.

नावाचा पेच हरिरामने नकळत सोडवला. पीटर कारखान्यात दगड पाहायला आला होता. काळा ग्रॅनाइट मी बाजूलाच ठेवला, कारण इथल्या उन्हात त्यावर बसणं म्हणजे तव्यावर बसणं. ओमानचा फिकट पिवळसर दगड काढला. पीटर म्हणाला, राणीचा क्रूसही साधारण असाच दिसतो. त्या क्रूसाच्या अंगावर चौकटी चौकटींत फुलं कोरलेली आहेत. फोटोतली ती फुलं हरिरामने पाहिली आणि न विचारता एका तुकड्यावर तसंच फूल काढून दाखवलं, आमच्या पोळपाटामागचं असायचं तसं, फक्त मोठं. पीटरने त्यावर अंगठा फिरवला. ‘डेझी,’ तो म्हणाला. मग आम्हाला सांगितलं की मार्गरेट या नावाचा एका भाषेत हाच अर्थ आहे. त्या फुलाचंच नाव आहे ते.

हरिराम म्हणाला, ‘तो नाम लिख दिया, भाभी. अब कोई मना करके दिखाए.’

बाकाच्या दोन्ही बाजूंना त्याने ती फुलं कोरली. सिंकची भोकं पाडून पाडून त्याचा हात अडाणी झाला असेल, असं मला वाटत होतं. झाला नव्हता. त्या दिवसांत तो जेवायलाही उठत नसे, हाक मारावी लागायची.

राहिली उंची. मी पीटरला म्हटलं, तुमच्या गुडघ्याचं माप घेऊ का? तो आत गेला आणि मार्गरेटची लाकडी खुर्ची घेऊन आला, ज्यावर बसून ती चहा प्यायची. म्हणाला, हे घ्या, तुम्ही पहिल्या दिवशी हेच मागितलं होतंत. मी वाकून खुर्चीचं माप घेतलं. डोळ्यांत पाणी आल्यामुळे आकडा दिसेना, म्हणून दोनदा घेतलं.

बाक आम्ही पहाटे नेला, उभा करून. झाडाखाली बसवला. गंमत म्हणजे तिथल्या भिंतीला गुण्या लावून पाहिला, तर ती भिंतही वाकडी. बाक मात्र फट न ठेवता बसला. सगळं झाल्यावर हरिरामने ओल्या फडक्याने बाक पुसला आणि चपला काढून बाजूला उभा राहिला. पीटर एका टोकाला बसला. दुसरं टोक मोकळं ठेवलं. साजीही गेटपाशी थांबून होता.

मग पीटरने मला हात केला आणि बाकाच्या मोकळ्या बाजूकडे बघून म्हणाला, ‘युअर हजबंड ऑल्सो, मॅडम. देअर इज रूम.’

मला वाटलं होतं हे काम मी त्याच्यासाठी करतेय. मी बसले. दगड अजून गार होता. विनायक गेल्यापासून मी अशी कुठे बसलेच नव्हते. मापं, कारखाना, मुलगी, विमानं, सतत उभीच. त्या दिवशी टेकले. निघताना मी पीटरला सांगितलं की आमच्याकडे विसाव्याला खांदेकरी बाजू बदलतात. तो उठला, माझ्या जागी आला, मी त्याच्या जागी गेले. पुन्हा थोडं बसलो. आणि मग उठलो.

तो इंग्लंडला गेला. सोबत पोळपाट नेला, एवढं मला माहीत आहे. आता मी कारखाना सईवर सोपवलाय, आणि मोजपट्टी घेऊन फक्त जुन्या गिऱ्हाइकांकडे जाते. मध्यंतरी रीमला एका घरी गेले होते, तेव्हा मुद्दाम मागच्या अंगणातून गेले. बाकावर जागा नव्हती. एक डिलिव्हरीवाला हेल्मेट मांडीवर ठेवून पेंगत होता, एक फिलिपिनो आया बाळाला बाटली देत होती, आणि कुणाची तरी भाजीची पिशवी होती. मला पाहून डिलिव्हरीवाला दचकून उठला, ‘बैठो मॅडम, बैठो’ म्हणत सरकला. बाकाच्या कडेचं एक फूल हात लागून लागून आत्ताच गुळगुळीत व्हायला लागलंय.

तिथूनच मी गावाला फोन लावला. सासूबाई आता दिरांकडे असतात, कान गेलेत, त्यामुळे फोनवर ओरडावं लागतं. म्हटलं, आई, विनायकला विसावा दिला हो. इथे. दगडाचा कट्टा केलाय, हरिरामने फुलं कोरलीत.

मला वाटलं, ऐकू गेलं नाही. बाकावरचे सगळे माझ्याकडे बघत होते. मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्या म्हणाल्या,

‘सावली हाय का गं तिथं?’

मी वर पाहिलं. म्हटलं, ‘आहे, आई.’